झोपाळ्याच्या हुकांना टांगलेल्या लाकडी रिंगा: अकरा महिन्यांनंतर

लाकडी जिम्नॅस्टिक रिंगा, म्हणजे पट्ट्यांनी टांगून व्यायाम करायच्या दोन कड्या, घेऊन अकरा महिने झाले. आठवड्यातले चार दिवस, सकाळी सहा ते पावणेसात, त्या वापरते. व्यायामासाठी घरात एकच वस्तू घ्यायची तर कोणती, असं हल्ली बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं वय ४३, वजन ६२ किलो. शाळेत चार वर्षं दोरीचा मल्लखांब केला होता, पण त्यालाही आता पंचवीसहून जास्त वर्षं उलटली.

रिंगांच्या आधी लटकून अंग वर ओढायचे दोन बार घेऊन झाले होते. पहिला दाराच्या चौकटीवर अडकवायचा. तो चौकटीच्या वर पुढे आलेल्या पट्टीवर टेकतो. आमच्याकडे, आणि आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये, चौकट गिलाव्याशी जवळजवळ सपाट असते, टेकायला जागाच नाही. आला तसा परत गेला. दुसरा चौकटीच्या आत फिरवून घट्ट करायचा. तो बसला, पण दोन-तीन दिवसांनी सैल व्हायचा. पॉलिशवर दोन काळे गोल उमटले आणि एकदा मी लटकलेली असतानाच एक टोक बोटभर खाली सरकलं. पाय जमिनीजवळ होते म्हणून निभावलं. शिवाय अशा बारवर ओढण्याचेच व्यायाम होतात, जोर आणि डिप्ससाठी (हातांवर अंग तोलून खाली-वर होणं) पुन्हा वेगळं काहीतरी घ्यावं लागतं.

रिंगांचं झोपाळ्यावर बसल्या बसल्या सुचलं. आमच्या हॉलमध्ये सासूबाईंचा सागवानी झोपाळा आहे. छतात चार हूक, स्लॅब भरतानाच सळईला बांधून घेतलेले. टेप घेऊन मोजलं तर एका बाजूच्या दोन हुकांमधलं अंतर २० इंच भरलं. स्पर्धेतल्या रिंगा ५० सेंटिमीटर अंतरावर टांगतात, म्हणजे जवळजवळ तेवढंच. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चार-चार माणसं बसतात त्यावर, तुझं एकटीचं ते काय वजन! पण सातला माझा झोपाळा जागेवर हवा." तेव्हापासून व्यायामाच्या दिवशी साखळ्या काढते, पाट भिंतीला उभा करते आणि पावणेसातला पुन्हा लावते. या काढघालीला पाच मिनिटं जातात.

खरेदीत पहिल्यांदा फसले ती बकलमध्ये, म्हणजे पट्टा हवा तेवढा लांब-आखूड करून अडकवायच्या कडीत. पहिल्या संचाच्या रिंगा दिसायला सुरेख होत्या, पण भार दिला की पट्टा बकलमधून हळूहळू सरकायचा. डोळ्यांना ते कळत नाही. दहा मिनिटांनी एक रिंग खाली आल्यासारखी वाटली म्हणून मोजलं, तर दोन सेंटिमीटरचा फरक! तो संच परत केला. तुम्ही घ्याल तेव्हा आधी रिंगा कमरेएवढ्या लावा, पट्ट्यावर बकलच्या तोंडाशी पेनाने रेघ मारा, पाय जमिनीवर ठेवून मागे रेला आणि एक मिनिट भार द्या. रेघ जागची हलली तर तो संच ठेवू नका, कितीही स्वस्त असो. बकलचे दात पट्ट्यात नीट रुतले पाहिजेत. जाडी २८ आणि ३२ मिलिमीटर अशी दोन मापांत मिळते. माझा पंजा लहान, म्हणून २८ची घेतली. प्लॅस्टिकच्या रिंगा मैत्रिणीकडे धरून पाहिल्या, घामाने लगेच निसटतात. लाकूड हाताला धरून राहतं.

रिंगांचं खरं मोल उंची बदलण्यात आहे. छातीएवढ्या ठेवून मागे रेललं की रो, म्हणजे छाती रिंगांकडे ओढणं, होतात, आणि पाय जितके पुढे न्याल तितकं जड जातं. घोट्याएवढ्या आणल्या की जोर. डोक्यावर नेल्या की पुलअप, म्हणजे लटकून अंग वर ओढणं. बरगड्यांच्या खालच्या टोकाला आणल्या की डिप्स. एकाच पट्ट्यावर हे सगळं होतं, मात्र दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात, नाहीतर एक खांदा जास्त राबतो. पट्ट्यावर छापलेले आकडे तीन महिन्यांत पुसले गेले. मग लाल दोऱ्याने टाके घातले, जोरांसाठी एक, रोसाठी दोन, डिप्ससाठी तीन, पुलअपसाठी चार. आता अंधारातही बोटांना खूण लागते.

जमिनीवर मी एका दमात वीस जोर काढायचे. रिंगांवर पहिल्या दिवशी तीन निघाले. दोन्ही हात सरळ ठेवून रिंगांवर नुसतं तोलून राहायचं तर चार सेकंदांत खांदे थरथरायला लागले, कारण रिंगा बाहेर पळतात आणि त्यांना अंगाजवळ धरून ठेवणं हाच अर्धा व्यायाम असतो. पहिले दोन महिने मी फक्त रो आणि हे तोलणं केलं. डिप्सची घाई केली नाही याचं आज समाधान आहे. आता तीस सेकंद तोलून राहता येतं, पुलअप शून्यावरून पाचवर आले. बारवर माझा उजवा कोपर दुखायचा. रिंगेत वर जाताना मनगट आपल्या सोयीने वळतं, तेव्हापासून तो दुखलेला नाही.

पायांसाठी मात्र रिंगा पुरत नाहीत. एका पायाच्या बैठकीला आधार म्हणून चालतात. टाचा रिंगांत अडकवून पाठीवर झोपायचं, कंबर उचलायची आणि टाचा ओढून घ्यायच्या, याने मांडीचा मागचा भाग चांगला भरून येतो. बाकी बैठका मी सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घेऊन काढते.

जुलैत पट्ट्यांना कुबट वास आला, थोडी बुरशीही दिसली. साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीतच वाळवा, उन्हाने त्यांचा धागा कमजोर होतो. व्यायामाचे रबरी बँडही मी गच्चीवर ठेवले होते, मे महिन्यात त्यांना बारीक चिरा पडल्या, टाकून दिले.

झोपाळ्याचे हूक नसतील तर पंख्याच्या हुकाला कदापि लटकू नका. पीओपीच्या सीलिंगचा तर विचारच नको. सिमेंटच्या बीममध्ये अँकर फास्टनर (भोक पाडून आत घट्ट बसवायचा लोखंडी बोल्ट) बसवून घ्या, तोही जाणत्या माणसाकडून. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तो भरवशाचा नाही. माझ्या नणंदेने काहीच ठोकलं नाही. तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली मोकळी बीम आहे, तिच्यावरून पट्टे घेते, खाली जुनं गोणपाट ठेवते म्हणजे काँक्रीटच्या कडेला घासत नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी आईंनीच विचारलं, "मला काही करता येईल का गं यावर?" त्या ७४ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात. रिंगा त्यांच्या पोटाएवढ्या लावल्या, मागे खुर्ची ठेवली. दोन्ही हातांनी धरून उठायचं आणि सावकाश बसायचं. पाचपासून सुरुवात केली होती, आता बारा वेळा उठबस करतात. त्यांच्यासाठी पट्ट्यावर हिरव्या दोऱ्याचा वेगळा टाका घातलाय.