'क्रूझिंगसाठी रेडी' ट्रायमरान घेताय? आधी पंप बंद करायला सांगा

सेकंडहँड फोल्डिंग ट्रायमरान घ्यायच्या विचारात कोणी असेल आणि जाहिरातीत 'फुल मॉडिफाइड, क्रूझिंगसाठी (म्हणजे लांबच्या सफरीसाठी) रेडी' असं काही दिसलं तर ॲडव्हान्स पाठवायच्या आधी हे एकदा वाचा. मला ज्याने गंडवलं त्याचं नाव टाकत नाही, टाकून फायदाही नाही, असे विकणारे अजून बरेच असणार. पण त्याची पद्धत सांगतो, कारण पद्धत भारी होती, मानायला पाहिजे. बोटीत जिथं जिथं भानगड होती बरोब्बर तिथंच त्याने काहीतरी नवीन, महागडं दिसणारं बसवलं होतं आणि वर त्याचेच जास्तीचे पैसे लावले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायमरान म्हणजे तीन हलची (हल म्हणजे बोटीचं पाण्यावर तरंगणारं अंग) शिडाची बोट, मधे मुख्य हल आणि दोन्ही बाजूंना बारीक फ्लोट. रुंदी असल्यामुळे खाली जड कील (उलटू नये म्हणून तळाला लावलेलं वजन) लागत नाही म्हणून बोट हलकी आणि पळते जोरात, पण तीच रुंदी मग ट्रेलरवर मावत नाही. यावर इयन फॅरियर नावाच्या मूळच्या न्यूझीलंडच्या डिझायनरने 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात असताना तोडगा काढला, फ्लोटला हलशी जोडणारे आडवे बीम फिरतात आणि दोन्ही फ्लोट मुख्य हलला दोन बाजूंनी चिकटून बसतात, तेसुद्धा बोट पाण्यात असताना. त्याची 1985 ची एफ-27 उघडली की साधारण 5.8 मीटर रुंद आणि मिटली की 2.6 मीटरच्या आसपास, म्हणजे गाडीमागे लावून रस्त्याने नेता येते. डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लायमध्ये फ्लोट मागच्या बाजूला फिरतात, तिची रुंदी कमी होते पण मिटल्यावर लांबी वाढते, ती वेगळी सिस्टीम. माझी फॅरियर पद्धतीची, सातेक मीटरची. अशा बोटीचा सगळा जीव दोन गोष्टींत असतो, एक म्हणजे बीम हलला बोल्टने आवळतात ती जागा आणि दुसरं एकूण वजन. माझ्या बोटीत दोन्हीची वाट लागलेली होती आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही दिसत नव्हतं.

विकणाऱ्याने काय काय केलं होतं ते सांगतो. केबिनवर सोलर पॅनल, आत मोठी लिथियम बॅटरी, बिल्जमध्ये म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी वाढलं की आपोआप चालू होणारा बिल्ज पंप आणि तोही एक नाही दोन, कॉकपिटमध्ये आणि बीमच्या आजूबाजूला सगळीकडे मऊ फोमची डेक मॅट, फ्लोटवर नव्या गोल झाकणाच्या तपासणीच्या खिडक्या, मागे नवीन शिडी, नवीन ट्रॅम्पोलिन (हल आणि फ्लोटच्या मधली जाळी). "सर, तुम्ही फक्त रेशन भरायचं आणि निघायचं," हे वाक्य त्याने प्रत्येक फोनवर म्हटलं असेल. आणि बोलायला माणूस गोड, डॅगरबोर्ड (हलमधून खाली पाण्यात उतरवतात ते पातं) कसा वर घ्यायचा, मिटवलेली बोट फार दिवस पाण्यात ठेवली तर फ्लोट आडवे होतात आणि ज्या बाजूला अँटीफाउलिंग (शेवाळ न धरणारा रंग) लावलेलं नसतं तिथं शेवाळ धरतं, असल्या खऱ्या खऱ्या बारीक गोष्टी तो सांगायचा. खोटं बोलणारा माणूस नव्वद टक्के खरं बोलतो तेव्हा पकडायचा कसा सांगा.

कागदपत्रांत सर्व्हे रिपोर्ट होता. पीडीएफ, भरपूर फोटो, हल उत्तम, बीम उत्तम, सगळं उत्तम. रिपोर्ट खोटा नव्हता ही यातली गंमत. याच बोटीचा होता, सर्व्हेअर खरा होता, फक्त बोट आपटायच्या आधीचा होता आणि तारखेचं पहिलं पान त्याने "स्कॅन करताना राहिलं बहुतेक" म्हणून दिलंच नाही. नंतर मी रिपोर्टातले फोटो आणि समोरची बोट शेजारी ठेवून बघितली तर फोटोत फ्लोटच्या डेकवर त्या गोल खिडक्या नाहीतच! म्हणजे त्या सामान ठेवायला केलेल्या नव्हत्या, आत हात घालून फुटलेला भाग आतून चिकटवायला कापल्या होत्या आणि मग झाकण लावून 'स्टोरेज' म्हणून विकल्या. विकणाऱ्याने आणलेला सर्व्हे बिनकामाचा समजा, आपला सर्व्हेअर आपण निवडायचा, आणि जुना रिपोर्ट मिळाला तर तो वाचण्यापेक्षा त्यातले फोटो जास्त कामाचे, त्यात नसलेली जी जी वस्तू आज बोटीवर आहे तिच्याखाली बघायचं.

जाहिरातीतल्या फोटोंचंही तसंच. ट्रेलरवरचे फोटो होते, वाऱ्यात पळतानाचे होते, सूर्यास्ताचा तर हवाच. शांत पाण्यात नुसती उभी असलेली बोट मात्र एकाही फोटोत नव्हती. या बोटी योग्य वजनात असल्या तर उभ्या असताना फ्लोट पाण्याला जेमतेम टेकतात, कधी कधी एकच टेकतो. माझ्या बोटीचे दोन्ही फ्लोट मागच्या बाजूने चांगले बुडालेले असायचे. असा एक फोटो जरी बाहेर आला असता तरी माहितगार माणसाने लगेच ओळखलं असतं, म्हणूनच तो नव्हता.

डेमो त्याने ट्रेलरवर दिला. फोल्ड, अनफोल्ड, पुन्हा फोल्ड, एका हाताने, अगदी जादूगारासारखं. ट्रेलरवर बीमवर पाण्याचा आणि शिडाचा ताण येतच नाही त्यामुळे तिथं काहीही व्यवस्थितच दिसणार. पाण्यात नेली तेव्हा वारा नावाला होता आणि आउटबोर्ड (मागे लावलेलं इंजिन) सारखं चालू ठेवलेलं, "बॅटरी चार्ज होते सर". त्या आवाजात पंप चालू झाला तरी कोणाला ऐकू येणार? पंपाचं पाणी बाहेर टाकणारं तोंड आउटबोर्डच्या ब्रॅकेटच्या मागं होतं, वाकून बघितल्याशिवाय धार दिसत नाही. नंतर मी तिथं बघितलं तर हलवर त्या तोंडापासून खाली मिठाचा पांढरा ओघळ, बोटाने खरवडला तर पापुद्रा निघाला. एवढा थर एका पावसाच्या पाण्याने येत नाही, समुद्राचं पाणी तिथून रोजच्या रोज बाहेर पडत असणार.

मग आमची पहिली मोठी ट्रिप. दिवसा बोट बरी चालली, जरा जड वाटली, टॅक मारताना (वाऱ्याच्या दिशेतून बोट वळवताना) सुस्त, पण सामान भरलंय म्हणून असेल असं वाटावं इतपतच. रात्री खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला, इंजिन बंद, सगळं शांत, आणि झोप लागते न लागते तोच झोपायच्या बंकच्या खालून घूंऽऽऽ असा आवाज. थांबला. परत थोड्या वेळाने घूंऽऽऽ. पाऊस नाही, लाट नाही, कोणी नळ उघडलेला नाही. फळी उचलली, टॉर्च मारला, पाणी. हाताचं बोट बुडवून चाखलं, खारट. हे लक्षात ठेवा, बिल्जमधलं पाणी चाखून बघायला लाजू नका, गोडं लागलं तर पावसाचं किंवा टाकीचं, खारट लागलं तर समुद्र आत येतोय. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, सोलर जवळपास बंद, बॅटरी खाली खाली जात राहिली आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत दोन्ही पंप मेले. फळ्या तरंगायला लागल्या तेव्हा बादलीने उपसत उपसत जवळच्या रॅम्पला पोचलो. वारा अनुकूल होता म्हणून हे आज लिहितोय, उलटा असता तर काय झालं असतं ते डोक्यात आणत नाही.

बोट बाहेर काढून उघडली तेव्हा सगळा उलगडा झाला. बोटीत सरळ वर-खाली होणारा डॅगरबोर्ड आहे. खडकावर आपटला की फिरणारा सेंटरबोर्ड मागे वळतो, हा वळत नाही, सगळा दणका तो ज्या खोबणीत बसतो त्या केसच्या मागच्या कडेला आणि हलच्या जोडाला बसतो. माझ्या बोटीला कधीतरी असाच जबरी दणका बसलेला. मागची कड चेचलेली, जोडाला चीर. आणि दुरुस्ती काय, तर चिरेत सिलिकॉन भरून वरून राखाडी बिल्ज पेंटचा हात. नखाने ओढलं तर सिलिकॉन दोरीसारखं अख्खं निघून आलं. हे काम नीट करायचं तर खराब लॅमिनेट (हलचे चिकटवलेले थर) उताराने घासून काढून इपॉक्सी आणि ग्लासफायबरचे थर परत चढवावे लागतात, वेळखाऊ आहे पण अवघड नाही. त्याने ते केलं नाही. त्याऐवजी दोन पंप लावले, पंपाला पुरावी म्हणून मोठी बॅटरी लावली, बॅटरी भरावी म्हणून सोलर लावलं, आणि या अख्ख्या जुगाडाला 'क्रूझिंग पॅकेज' नाव देऊन त्याचे वेगळे पैसे घेतले. बोट बुडू नये म्हणून केलेला खर्च माझ्याकडून वसूल!

डेक मॅटखालची गोष्ट तर अजून पुढची. अशा बोटींचा डेक सँडविचचा असतो, वर-खाली ग्लासची पातळ कातडी आणि मधे फोम, बाल्सा किंवा प्लाय. वरून स्क्रू मारायचा असेल तर त्या जागचं मधलं कोर काढून तिथं इपॉक्सी भरायचं आणि खालून प्लेट लावायची, नाहीतर भोकातून पाणी आत शिरतं, आणि बाल्सा किंवा प्लाय असेल तर आतल्या आत कुजायला लागतो. त्याने सोलरचे स्टँड, शिडी, क्लीट (दोर बांधायचे खुंटे) सगळं सरळ स्क्रूने ठोकलं होतं. मॅट सोलली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. चांगल्या जागी टणक टक टक, आणि मागच्या बीमजवळ आलो की बद्द, बद्द, बद्द. तिथंच बोल्टच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, आणि बोल्टखाली एकावर एक वॉशर टाकून बीम घट्ट असल्याचा देखावा केलेला. वाऱ्यात मागून जो कुरकुर आवाज यायचा तो नवीन ट्रॅम्पोलिनचा आहे असं तो म्हणाला होता, ट्रॅम्पोलिन बिचारं निर्दोष होतं.

हे तपासायला काही लागत नाही. बोट पाण्यात उघडलेली ठेवायची, एकाने फ्लोटच्या पुढच्या टोकावर जाऊन वजन टाकून हलवायचं आणि दुसऱ्याने बीम आणि हलच्या फटीवर हाताचं बोट ठेवून बसायचं. बोटाला हालचाल जाणवली की विषय संपला, दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय किमतीवर बोलूच नका. मॅट असेल तर कोपरा तरी उचलू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. आणि ओलावा मापायच्या मीटरवर फार विसंबू नका, कार्बन फायबर असलेल्या जागी तो भलतंच दाखवतो, कान जास्त खरा.

वजनाचं म्हणाल तर नंतर ट्रेलरसकट काट्यावर नेली, ट्रेलरचं वेगळं वजन वजा केलं, तर जाहिरातीत सांगितलेल्या आकड्यापेक्षा जवळपास साडेतीनशे किलो जास्त. त्याने सांगितलेला आकडा डिझायनरच्या कागदावरचा, कोऱ्या बोटीचा होता. बाकीचं म्हणजे बॅटरी, तारा, लाकडी कपाटं आणि कोरने पिऊन ठेवलेलं पाणी. एवढ्या लहान ट्रायमरानमध्ये साडेतीनशे किलो म्हणजे चार-पाच माणसं कायमची बसवून ठेवल्यासारखं आहे. वेग तर जातोच पण बीमवरचा ताण वाढतो तो वेगळा.

शिडीबद्दल राहिलं. ती काढली तर तिच्या पॅडखाली हलचा नंबर. अमेरिकन बोटींवर हा 12 अक्षरांचा असतो, मागच्या बाजूला उजवीकडे वर कोरलेला, आणि 1984 नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. दुसरीकडे लपवलेल्या जागी तोच नंबर परत कोरलेला असतो. माझ्या बोटीचं वर्ष जाहिरातीतल्या वर्षापेक्षा बरंच जुनं निघालं. शिडी दुसऱ्या बाजूला बसवायला भरपूर जागा होती, पण नाही.

त्याला फोन केला. आधी उचलला, "सर, पाण्यातली वस्तू आहे, थोडं पाणी येणारच" म्हणाला. फोटो पाठवल्यावर उचलायचं बंद. मग करारनामा परत वाचला, त्यात त्याने मोठ्या हुशारीने दोन कलमं वेगळी केलेली, बोट 'जशी आहे तशी', आणि ॲक्सेसरीजना वॉरंटी. म्हणजे हल फुटला तर माझा, पंप बिघडला तर तो बदलून देणार. वकिलाने बघितलं, म्हणाला तारखेचं पान काढून रिपोर्ट देणं आणि मॉडेलचं वर्ष खोटं सांगणं यावर केस उभी राहते, वेळ लागेल. नोटीस गेली आहे. बोट ट्रेलरवर आहे, मागचा डेक कापलेला, कोर वाळतंय, डॅगरबोर्डच्या केसचं काम मी स्वतः करतोय.

नोटीस मिळाल्यावर त्याचा एकच मेसेज आला. नोटिशीबद्दल त्यात चकार शब्द नाही. "सर, सोलर, बॅटरी आणि दोन्ही पंप काढून विकणार असाल तर सांगा, माझ्याकडे अजून एक बोट आलीये, तिला लावायचेत."