नाताळच्या सेलमध्ये माझे १६,३४८ रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

२७ डिसेंबर. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे पर्यटकांची गर्दी. आमच्या दोन्ही खोल्या भरलेल्या, खानावळीत दुपारची चाळीस पानं, आणि सकाळीच डीप फ्रीजर बंद पडला. सुरमई-कोळंबीचं पाणी फरशीवर उतरायला लागलं. मेकॅनिकने कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं. हे आधी सांगते, कारण "एवढी व्यवहारी बाई फसली कशी" हे ऐकून माझे कान किटले आहेत.

त्याच तासाभरात फोनवर जाहिरात दिसली. नावाजलेल्या कंपनीचा ३०० लिटरचा फ्रीजर, 'ख्रिसमसनंतरचा क्लिअरन्स सेल', ११,४९९ रुपये. दुकानात तोच पंचवीस हजारांच्या घरात. गणपती, दसरा, दिवाळी, नाताळ, सेल कधी संपतच नाहीत. २५ डिसेंबरनंतर उरलेला माल काढतात हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की अर्धी किंमत खोटी वाटतच नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळ ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत असतो. त्यांनी दिलेल्या नेवऱ्यांचं ताट तेव्हा माझ्या ओट्यावरच होतं. बाजाराला त्या सणाचं फक्त नाव हवं असतं, पाटीवर लावायला. चोरांनी तेच उचललं.

आता ती वेळ, जी रोज रात्री डोळ्यांसमोर येते. यूपीआयने पैसे भरताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही. कुठल्या तरी माणसाचं नाव आणि आडनाव आलं. आमचे हे मागेच उभे होते. म्हणाले, "ह्या नाव कंपनीचा नाय गो, कोणातरी माणसाचा दिसता." मी म्हटलं, डीलर असेल. वर घड्याळ उलटं पळत होतं, १ तास ५८ मिनिटं शिल्लक. मघाशी पान उघडलं तेव्हाही १ तास ५८ मिनिटंच होती. हे मी पाहिलं होतं. पाहून पिन टाकला. पिन टाकायच्या आधी ते नाव वाचा, दोनदा वाचा, आणि नाव पटलं नाही तर फोन खाली ठेवा!

दुसऱ्या दिवशी 'ट्रान्सपोर्ट विमा, परत मिळेल' म्हणून १,८५० मागितले. दिले. मग गाडी कणकवलीला अडकली आहे, जीएसटी पडताळणीचे २,९९९ भरा. तेही दिले, कारण आधीचे अडकले होते. असंच अडकवतात. 'परत मिळेल' म्हणून आधी पैसे मागणारा चोरच समजा. माल घरी आल्यावर पैसे देण्याची सोय नसेल तर खरेदी करू नका. साइटच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला 'सेल' किंवा 'ऑफर' चिकटवलेलं असेल तर बंद करा.

३० तारखेला त्यांचा नंबर बंद. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. पण तोवर तीन दिवस गेले होते. तुम्ही पहिल्या तासातच करा, पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी.

बँकेत गेले तर साहेब म्हणतात, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे ना, असं विचारलं, तर ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे म्हणाले. मग फसवून घेतलेली संमती ही संमती कशी? उत्तर नाही. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. मग सांगितलं, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. खोटं आहे हे! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. तुम्ही कलमाचा आकडा सांगा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मला चार फेऱ्या माराव्या लागल्या, चारही ऐन सीझनमध्ये खानावळ बंद ठेवून. एकाने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, लोभ नडला." लोभ नाही हो, दारात चाळीस माणसं जेवायला आणि मासळी वितळत होती!

तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. शेवटी फ्रीजर गावातल्या दुकानातून हप्त्यावर घेतला.

परवा तेच फोटो पुन्हा फोनवर दिसले. वरची पाटी बदलली आहे, आता 'प्रजासत्ताक दिन महासेल'. खाली घड्याळ तेच, १ तास ५८ मिनिटं.