गर्भधारणेच्या सुरुवातीच्या तपासणी केंद्राबद्दल

घरगुती चाचणीत दोन रेघा उमटल्या, तरी गर्भ गर्भाशयात रुजला आहे की त्याबाहेर, हे त्या पट्टीला सांगता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात मी या केंद्रात गेले. पहिला अर्धा तास केवळ प्रश्नोत्तरांत गेला आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. पूर्वी गर्भनलिकेत गर्भ राहिला होता का, नलिकेवर किंवा ओटीपोटात शस्त्रक्रिया झाली आहे का, क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गामुळे नलिकांना सूज आली होती का, धूम्रपान, वय, वंध्यत्वावरील उपचार, असे सारे डॉक्टरांनी घाई न करता आणि न दटावता विचारले. तांबीविषयीचा माझा गैरसमजही त्यांनी दूर केला: तांबीमुळे गर्भाशयाबाहेर गर्भ राहण्याचा एकूण धोका वाढत नाही, उलट गर्भधारणाच टळत असल्याने तो घटतो, मात्र तांबी असूनही दिवस राहिले, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. गर्भाशयाबाहेर गर्भ राहिलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये धोका वाढवणारे कोणतेही ज्ञात कारण आढळत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. (माझ्या मते हे वाक्य भिंतीवर लावायला हवे.)

सोनोग्राफी व्यवस्थित झाली. उणीव एकच: पोटाच्या एका बाजूला दुखणे, रक्तस्राव, खांद्यात कळ किंवा भोवळ आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, ही सूचना छापील पत्रकात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत होती.