गेटिसबर्ग की मेसा व्हर्डे? कुत्र्याला घेऊन आरव्हीने निघण्याआधी

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चालतं-फिरतं घर (मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर), घेऊन ऐतिहासिक ठिकाणं पाहायची म्हटलं की दोन मार्ग हमखास पुढे येतात. पहिला पूर्वेचा: पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग, तिथून हार्पर्स फेरी, मग व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग आणि जेम्सटाउन. दुसरा नैऋत्येचा: कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डे, यूटाच्या सीमेवरचं होव्हनवीप, न्यू मेक्सिकोतलं चाको; तिन्हीकडे मूळ रहिवाशांच्या प्राचीन वस्त्यांचे अवशेष. नुसती माणसं जाणार असतील तर ज्याची त्याची आवड. सोबत कुत्रा असेल तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते: तुम्ही वास्तू पाहत असताना तो कुठे असणार? पूर्वेला तो बहुतेक वेळ तुमच्याबरोबर चालत असतो. नैऋत्येला तो बहुतेक वेळ मागे राहतो. गाडी कुठली घ्यायची, जागा कुठली बुक करायची, महिना कुठला धरायचा, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

कुत्र्याला कुठे नेता येतं

राष्ट्रीय उद्यानांचा सर्वसाधारण नियम दोन्हीकडे सारखाच आहे. पट्टा जास्तीत जास्त ६ फुटांचा हवा, त्यामुळे गुंडाळत लांब होणारा पट्टा चालत नाही. कुत्र्याला खांबाला किंवा झाडाला बांधून निघून जाता येत नाही. विष्ठा उचलायचीच. फरक पडतो तो पायवाटांवर.

अमेरिकी यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली, आणि ती ज्या शेतांवर, टेकड्यांवर झाली तो मोकळा परिसर हेच तिथलं मुख्य आकर्षण आहे. त्यात कुत्र्याला मुभा आहे. लिटल राउंड टॉप दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२४च्या जूनमध्ये पुन्हा उघडलं. तिथल्या वाटांवर पट्टा लावून कुत्रा नेता येतो. मनाई आहे ती संग्रहालयाच्या इमारतीत आणि सोल्जर्स नॅशनल सिमेटरीत. लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ रोजी भाषण केलं ते याच दफनभूमीच्या समर्पणाच्या वेळी, त्यामुळे ती चुकवावीशी वाटणार नाही. दोघांनी आळीपाळीने जाऊन यावं, अर्ध्या तासात होतं.

हार्पर्स फेरी कुत्र्याच्या दृष्टीने या मार्गावरचं सर्वांत सोयीचं ठिकाण. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउनने १८५९च्या ऑक्टोबरमध्ये शस्त्रागारावर छापा घातला ते हे गाव. खालच्या वस्तीत पार्किंग फारच कमी, आरव्हीला तर नाहीच, म्हणून गाडी वरच्या व्हिजिटर सेंटरला लावून शटल बस पकडायची. पट्ट्यात असलेला कुत्रा त्या बसमध्ये चालतो, आणि ही सवलत फार थोड्या उद्यानांत मिळते. खालून पोटोमॅकवरचा पादचारी पूल ओलांडला की सी अँड ओ कालव्याची सपाट, सावलीची वाट लागते. दिवसभर आखडून बसलेल्या कुत्र्याला पाय मोकळे करायला याहून चांगली जागा नाही.

विल्यम्सबर्गच्या जुन्या वस्तीतले रस्ते चालायला खुले आहेत, त्यासाठी तिकीट लागत नाही आणि कुत्रा चालतो. तिकीट लागतं ते इमारतींत शिरायला, तिथे कुत्रा नाही. पुढे जेम्सटाउनला एक गोंधळ नेहमी होतो. एकमेकांजवळच दोन वेगळी ठिकाणं आहेत. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' म्हणजे १६०७च्या वसाहतीची खरी जागा; तिथे उघड्या आवारात पट्ट्यातला कुत्रा चालतो. 'जेम्सटाउन सेटलमेंट' म्हणजे राज्याने उभारलेलं संग्रहालय आणि प्रतिकृती. तिथे पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. जीपीएसमध्ये नुसतं 'जेम्सटाउन' टाकलं की बरेचदा दुसऱ्याच दारात जाऊन उभं राहावं लागतं.

आता मेसा व्हर्डे. १९०६ साली उद्यान झालं, १९७८मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्या यादीत आलं. कड्याच्या पोटात बांधलेलं क्लिफ पॅलेस सुमारे दीडशे खोल्यांचं आहे. कुत्र्याला मुभा आहे ती डांबरी रस्ते, पार्किंग आणि मोअरफिल्ड कॅम्पग्राउंड इथे. बहुतेक पायवाटा, सगळे पुरातत्त्वीय अवशेष आणि इमारती त्याला बंद. हा नियम जाचक वाटू शकतो, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. भिंती वालुकाश्म आणि मातीच्या गिलाव्याच्या आहेत, सातशेहून अधिक वर्षं जुन्या. नखांचे ओरखडे आणि लघवीतले क्षार त्यांना सोसत नाहीत. शिवाय आजच्या प्वेब्लो या मूळ रहिवासी समाजांसाठी ही पूर्वजांची घरं आहेत. गेटिसबर्गच्या दफनभूमीत कुत्रा नेत नाहीत, त्यातलीच ही गोष्ट. फक्त इथे ती जवळजवळ अख्ख्या उद्यानाला लागू होते.

नैऋत्येत एक अपवाद मात्र मनापासून सुचवावासा वाटतो, तो होव्हनवीपचा. कॉर्टेझ गावापासून साधारण ४५ मैल. दरीच्या काठावर तेराव्या शतकातले दगडी मनोरे उभे आहेत आणि पट्ट्यातला कुत्रा पायवाटेवर चालतो. दरीभोवतीचा फेरा सुमारे दोन मैलांचा. उन्हाळ्यात तो सकाळी नऊच्या आत संपवावा, कारण वाटेवर सावली जवळजवळ नाही आणि खडक लवकर तापतो. हाताचा पंजा सात सेकंद खडकावर टेकवून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही चालवू नका.

मागे ठेवायचं तर एसीवर किती भिस्त ठेवावी

नैऋत्येचा बेत फसतो तो बहुधा इथे. बाहेर ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस, इतकी प्रसन्न हवा असली तरी बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत ९०च्या आसपास आणि अर्ध्या तासात १००च्या वर जातं. त्यामुळे 'खिडकी थोडी उघडी ठेवू' हा पर्याय धरूच नये. एसी चालू हवा, आणि तुम्ही नसताना तो बंद पडता कामा नये.

कॅम्पग्राउंडच्या ३० अँपिअरच्या वीजजोडणीतून १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट मिळतात. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी त्यातले १२ ते १६ अँपिअर खातो. वॉटर हीटर विजेवर राहिला असेल तर तो आणखी बारा-एक अँपिअर घेतो. त्यात फ्रिज आणि बॅटरी चार्जर आपोआप सुरू झाले की ब्रेकर पडतो आणि एसी थांबतो. निघण्याआधी वॉटर हीटर आणि फ्रिज गॅसवर करा, मायक्रोवेव्हचा प्लग काढा.

दुसरी तपासणी फार थोडे लोक करतात. कॅम्पग्राउंडच्या वीजखांबावरचा ब्रेकर पाडा, पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू करा, आणि एसी आपणहून सुरू होतो का ते पाहा. काही थर्मोस्टॅट वीज परत आल्यावर 'बंद' स्थितीतच राहतात. तसा असेल तर वीज दोन मिनिटं जाऊन आली तरी एसी दिवसभर बंद राहील. सर्ज प्रोटेक्टरही (व्होल्टेजच्या चढ-उतारापासून गाडीला वाचवणारं उपकरण) तपासा. व्होल्टेज साधारण १०४च्या खाली गेलं की चांगला प्रोटेक्टर वीज तोडतो, आणि भर दुपारी सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी एकदम चालू असतात तेव्हा व्होल्टेज घसरतंच.

मोबाइल नेटवर्कवर चालणारा तापमान मॉनिटर जरूर घ्यावा, पण तो पूर्वेला जितका कामाचा, तितका नैऋत्येला नाही. मेसाच्या पठारावर आणि दऱ्यांत सिग्नल तुटतो. गाडीतलं यंत्र इशारा पाठवत राहील आणि तुमच्या फोनवर तो दोन तासांनी येईल.

मोअरफिल्डला एकूण २६७ जागा आहेत, त्यांतल्या फक्त १५ पूर्ण हुकअपच्या, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या. त्या १५पैकी एक मिळाली नाही तर वीजच नाही. जनरेटर लावून कुत्र्याला एकटं सोडणं हा उपाय नव्हे. जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे त्याची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. मोअरफिल्ड ७,८०० फुटांवर आहे, म्हणजे पाव भागाहून जास्त ताकद तिथेच गेली. २,००० वॉटचा छोटा जनरेटर एवढ्या उंचीवर एसीचा कॉम्प्रेसर उचलेलच, याची खात्री धरू नये.

म्हणून नैऋत्येत आमची पसंती अशी: क्लिफ पॅलेसच्या दिवशी कुत्रा कॉर्टेझ किंवा ड्युरँगोच्या बोर्डिंगमध्ये (कुत्रे सांभाळायची जागा). तिथे रेबीज आणि केनेल कफच्या (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) लसीचं प्रमाणपत्र मागतात. केनेल कफची लस आदल्या दिवशी देऊन भागत नाही, निदान आठवडाभर आधी हवी. दुसरा मार्ग म्हणजे घरातलं एक माणूस कुत्र्यापाशी थांबणं. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर हे सहज जमतं. मेसा व्हर्डेतल्याच बाल्कनी हाउस या कड्यातल्या वास्तूच्या सहलीत ३२ फुटांची शिडी आणि जेमतेम दीड फूट रुंदीचा बोगदा आहे. बऱ्याच ज्येष्ठांना ते तसंही नकोच असतं.

गाडी

पूर्वेला कुठलीही आरव्ही चालते, त्रास होतो तो गावांतल्या पार्किंगचा. गेटिसबर्गची २४ मैलांची मोटार-फेरी अरुंद, एकेरी रस्त्यांवरून जाते; ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडून ओढणाऱ्या गाडीनेच फिरावं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, म्हणजे आय-९५ आणि आय-८९५ वरून, आरव्हीच्या नेहमीच्या प्रोपेन टाक्या नेता येत नाहीत; मर्यादा टाकीमागे १० पौंडांची आहे. पूर्वी अशा गाड्या आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो २६ मार्च २०२४ रोजी कोसळला. आता आय-६९५ने पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. आधी गेटिसबर्ग, मग यूएस-१५ने फ्रेडरिक आणि यूएस-३४०ने हार्पर्स फेरी असा क्रम ठेवला तर बाल्टिमोर वाटेत येतच नाही.

नैऋत्येत लांबीच सगळं ठरवते. मेसा व्हर्डेत ट्रेलर किंवा मागे जोडलेली गाडी मोअरफिल्डच्या पुढे नेता येत नाही. उद्यानातल्याच वेदरिल मेसा या पठाराच्या रस्त्यावर २५ फुटांहून लांब किंवा ८,००० पौंडांहून जड वाहनाला बंदी आहे. म्हणजे २८ फुटी मोटरहोम भाड्याने घेतलं आणि सोबत छोटी गाडी नसेल तर वेदरिल मेसा विसरा. चाकोचं अंतर यूएस-५५० पासून २१ मैल, त्यातले १३ कच्चे आणि पावसात चिखलाचे. भाड्याच्या आरव्हीच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्य असतो. टायर फुटला किंवा खालची टाकी निखळली तर खर्च तुमच्या खिशातून. तिथल्या गॅलो कॅम्पग्राउंडवर पिण्याचं पाणी नाही, ते व्हिजिटर सेंटरवरून आणावं लागतं. भाड्याची गाडी आणि कुत्रा असेल तर चाको या खेपेला सोडून द्यावं.

ट्रेलर ओढत असाल तर कुत्रा कधीही ट्रेलरमध्ये ठेवून गाडी हाकू नका. तो ओढणाऱ्या गाडीत, हार्नेसमध्ये. मोटरहोममध्येही डॅशबोर्डचा एसी मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्याची जागा पुढच्या आसनांमागे करा.

किडे, साप, पाणी आणि तोफा

पूर्वेचा शत्रू गोचीड. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया हा लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या रोगाचा पट्टा आहे, आणि गेटिसबर्गच्या शेतांत बऱ्याच ठिकाणी उंच गवत असतं. कुत्र्यासाठी लाइमची लस मिळते, पण तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात. निघण्याआधी निदान दीड महिना पशुवैद्याकडे जा. रोज संध्याकाळी कानांच्या आत, काखांत, बोटांच्या मध्ये आणि पट्ट्याच्या खाली बोटं फिरवून पाहा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, पिळू नका. चोवीस तासांच्या आत निघाली तर संसर्गाचा धोका बराच कमी होतो.

नैऋत्येत रॅटलस्नेक, निवडुंगाचे काटे आणि कोरडी हवा. प्रेअरी डॉग या खारीसारख्या प्राण्याच्या बिळांत नाक घालू देऊ नका, त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. पाण्याचा हिशेब किलोमागे दिवसाला सुमारे ६० मिली. म्हणजे २५ किलोच्या लॅब्रेडॉरला दीड लिटर, आणि उन्हात चालणार असेल तर तीन लिटर जवळ हवं.

आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला दोन्हीकडे त्रास आहे. गेटिसबर्ग आणि विल्यम्सबर्गला बंदुका-तोफांची प्रात्यक्षिकं होतात. त्या दिवसाचं वेळापत्रक सकाळीच पाहून त्या वेळी दुसऱ्या टोकाला राहा, आणि १ ते ३ जुलै टाळाच. नैऋत्येत जुलै ते सप्टेंबर दुपारी विजा कडाडतात, त्यांचं वेळापत्रक नसतं.

आमचा कौल

पहिल्याच खेपेला निघत असाल, कुत्रा म्हातारा असेल किंवा एकटं राहायची त्याला सवय नसेल, तर पूर्व. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. नैऋत्य त्यांनी निवडावी ज्यांच्याकडे २५ फुटांच्या आतली गाडी आहे किंवा वेगळी छोटी गाडी आहे, आणि बोर्डिंगमध्ये राहणारा कुत्रा आहे. वेळ मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. मोअरफिल्ड हिवाळ्यात बंद असतं.

बुकिंगचा क्रम मात्र नेहमीपेक्षा उलटा ठेवावा लागतो. मेसा व्हर्डेत आधी हुकअपची जागा, मग बोर्डिंग, आणि क्लिफ पॅलेसची तिकिटं १४ दिवस आधी खुली होतात तेव्हा ती. पूर्वेला पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानांत उतरणार असाल तर जागा निवडताना पाळीव प्राण्यांना परवानगी असलेलीच घ्या. शेजारची जागा मोकळी दिसली म्हणून ऐनवेळी बदलता येत नाही. गेटिसबर्गभोवतीच्या खासगी कॅम्पग्राउंडवर फोन करून जातीची बंधनं विचारा. काही ठिकाणी रॉटवायलर, पिटबुल आणि डोबरमन घेत नाहीत, आणि ते दारात पोचल्यावर कळलं तर त्या रात्री दुसरी जागा मिळणं अवघड असतं.