कीटकांच्या सूक्ष्मछायाचित्रणासाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप की कॅमेऱ्यावर ऑब्जेक्टिव्ह?

मॅक्रो लेन्सने कीटकांची भरपूर छायाचित्रे काढून झाल्यावर १:१ च्या (म्हणजे सेन्सरवर कीटक प्रत्यक्षाएवढाच उमटण्याच्या) पुढे जाण्याची, माशीच्या संयुक्त डोळ्यातील एकेक नेत्रिका किंवा फुलपाखराच्या पंखावरील एकेक खवला टिपण्याची ज्यांना ओढ लागली आहे, त्यांच्यापुढे व्यवहारात दोनच वाटा उरतात. कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला, म्हणजे ट्रायनॉक्युलर, स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्यायचा, किंवा मायक्रोस्कोपचे केवळ ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूजवळचे भिंग, घेऊन ते आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर चढवायचे. मी पहिल्या वाटेने दोन वर्षे गेलो आणि नंतर दुसरीकडे वळलो. दोन्ही उपकरणे आजही माझ्या टेबलावर आहेत. पुढील मजकुराला प्रयोगशाळेतील मोजमापांचा आधार नाही, तो या वापरातून आलेला आहे, एवढे लक्षात घेऊन तो वाचावा.

नेत्रभिंगावर मोबाइल धरून छायाचित्र काढणे आणि केबलने संगणकाला जोडायचे स्वस्त डिजिटल मायक्रोस्कोप यांचा विचार येथे केलेला नाही. ओळख पटण्यापुरते चित्र त्यांतून मिळते, पण तेवढेच हवे असेल तर या दोन वाटांचा खर्च करण्याचे कारणच उरत नाही.

स्टिरिओ मायक्रोस्कोपचे पहिले आणि फार मोठे सुख असे की तो दोन्ही डोळ्यांनी पाहण्यासाठीच घडवलेला आहे. कीटक खाली ठेवताच त्याची खोली, पाठीवरचे उंचवटे, पायांची गुंतागुंत क्षणात समजते. भिंग आणि कीटक यांच्यात साधारण दहा सेंटिमीटर मोकळी जागा राहते, त्यामुळे सुई, चिमटा, बारीक कुंचला सहज फिरतो. माळदांडी ज्वारीच्या पोत्यातून निघालेला जेमतेम तीन मिलिमीटरचा सोंडकिडा मी प्रथम त्याखाली पाहिला, तेव्हा त्याच्या पंखकवचांवर रांगेने कोरल्यासारखे असलेले खळगे पाहण्यात इतका वेळ गेला की त्या दिवशी कॅमेरा जोडणे राहूनच गेले. हा आनंद दुसऱ्या पद्धतीत नाही, कारण तिथे डोळा लावायला जागाच नसते. जे काही दिसते ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

आपला सोलापूर जिल्हा डाळिंबाचा आहे आणि २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच, केगावला आहे. त्यामुळे मला हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये बागायतदार आणि कृषी पदवीचे विद्यार्थी बरेच असतात. त्यांना पान उलटून त्यावरचे फुलकिडे, मावा किंवा पिठ्या ढेकूण जिवंत, हलते असताना पाहायचे असतात, शेजाऱ्याला दाखवायचे असतात, आणि छायाचित्र हा त्यातला दुय्यम भाग असतो. त्यांनी निःशंकपणे स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्यावा. फुलकिड्याची नेमकी प्रजात ठरवायची असेल तर काचपट्टी तयार करून ती कंपाउंड मायक्रोस्कोपखालीच पाहावी लागते, तिथे या लेखातील दोन्ही पर्याय अपुरे पडतात.

ज्यांना छायाचित्रच हवे आहे, त्यांच्यासाठी मात्र एक गोष्ट सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझा निर्णय तिच्यामुळेच झाला. इतक्या मोठेपणावर एका चित्रात स्पष्ट उतरणारा थर अतिशय पातळ असतो, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन ती हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावी लागतात (यालाच स्टॅकिंग म्हणतात), हे वाचक जाणतातच. आता ग्रीनो पद्धतीच्या स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये (परवडणाऱ्या किमतीतले बहुतेक याच पद्धतीचे असतात) डाव्या व उजव्या डोळ्यासाठी दोन स्वतंत्र प्रकाशमार्ग असतात आणि ते एकमेकांशी दहा ते बारा अंशांचा कोन करून कीटकावर एकत्र येतात. आपल्याला खोली जाणवते ती याच कोनामुळे. कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र या दोहोंपैकी एकच मार्ग येतो. म्हणजे कॅमेरा कीटकाकडे सरळ वरून न पाहता पाच-सहा अंश तिरका पाहत असतो, आणि फोकसचे चाक फिरवले की मायक्रोस्कोपचे डोके खांबावर अगदी सरळ वर-खाली होते. पाहण्याची दिशा एक आणि सरकण्याची दुसरी. परिणामी प्रत्येक मिलिमीटर खोलीमागे चित्र सुमारे एक दशांश मिलिमीटर बाजूला सरकते.

एक दशांश मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते, मलाही ते तसेच वाटले होते. खिडकीत मरून पडलेली एक ककू वास्प, म्हणजे धातूसारखी हिरवी-निळी झळाळी असलेली छोटी गांधीलमाशी, मला सापडली होती. चौकट चार मिलिमीटर रुंद आणि विषयाची खोली तीन मिलिमीटर, अशी ऐंशी चित्रे घेतली. पहिल्यापासून शेवटच्या चित्रापर्यंत माशी तीन दशांश मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या तेराव्या-चौदाव्या भागाइतकी सरकली होती. सॉफ्टवेअर चित्रे ओढून जुळवते हे खरे, पण प्रत्येक चित्राचा बराचसा भाग अस्पष्ट असताना जुळवणीचा आधार कशाला मानायचे हे त्यालाही नेमके कळत नाही. माझ्या चित्रांत चेहऱ्यावरचे केस दुहेरी उमटत, मिशांच्या कडेला फिकट सावलीसारखी दुसरी रेघ येई आणि एका बाजूची कड प्रत्येक वेळी कापावी लागे. संगणकावर एकेक केस हाताने दुरुस्त करण्यात मी कित्येक रात्री घालवल्या.

उपाय करून पाहिले. कीटकाखाली पाच-सहा अंशांची पाचर ठेवली. तिचा एक उपयोग झाला: फुलपाखराच्या सपाट पंखाची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी अस्पष्ट येत असे, ती तक्रार मिटली. सरकणे मात्र तसेच राहिले, कारण पाचरीमुळे कीटक कलतो, मायक्रोस्कोपच्या हालचालीची दिशा बदलत नाही. हालचाल कॅमेऱ्याच्या दृष्टिरेषेवरूनच व्हायला हवी असेल तर कीटकाला त्या रेषेवर सरकवणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते, आणि ती बसवायची तर मग मायक्रोस्कोपच्या खांबाचा उपयोग काय, असा प्रश्न मला पडला. एकच मोठे सामाईक ऑब्जेक्टिव्ह असलेले महागडे स्टिरिओ मायक्रोस्कोपही मिळतात. त्यांतही कॅमेऱ्याचा मार्ग त्या भिंगाच्या मधून न जाता बाजूने जातो, परंतु काही मॉडेलांत ऑब्जेक्टिव्ह बाजूला सरकवून नेमके त्या मार्गाखाली आणण्याची सोय असते. ती मी स्वतः वापरलेली नाही. ज्यांचे अंदाजपत्रक तिथवर जाते त्यांनी माझी तक्रार त्या मॉडेलांना लागू करू नये.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा, ऑब्जेक्टिव्ह आणि कीटक एकाच सरळ रेषेत असतात, त्यामुळे हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. ज्या ऑब्जेक्टिव्हवर १६० हा आकडा असतो त्याच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत सुमारे १५० मिलिमीटर अंतर ठेवले की झाले, ते बेलोजने (लांब-आखूड होणाऱ्या घडीच्या नळीने) किंवा पोकळ एक्स्टेन्शन ट्यूबने साधते. ज्यावर अनंताचे चिन्ह असते त्याला मधे प्रतिमा सेन्सरवर आणणारे आणखी एक भिंग, म्हणजे ट्यूब लेन्स, लागते. निकॉन आणि मिटुटोयो यांच्यासाठी ती २०० मिलिमीटरची धरलेली आहे, म्हणजे घरात २०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स असेल तर तिच्यापुढे ऑब्जेक्टिव्ह बसवता येते. मी रेनॉक्स डीसीआर-१५० हे जोडभिंग उलटे बसवून ट्यूब लेन्स म्हणून वापरतो. त्याचे नाभीय अंतर सुमारे २०८ मिलिमीटर आहे आणि माझ्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर कोपरे काळे पडत नाहीत.

ऑब्जेक्टिव्हला साजेशी रिंग मला तयार मिळेना. ऑब्जेक्टिव्हचे प्रमाणित आटे इंचाला ३६ असतात. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणाऱ्या एका लेथवाल्या काकांना नमुना दाखवला, तेव्हा त्यांनी ॲल्युमिनियमची रिंग दुसऱ्या दिवशी हातात ठेवली आणि ती आजतागायत सैल झालेली नाही. फोकस सरकवण्यासाठी मोटरचे रेल मिळते, पण मी भंगारात निघालेल्या एका विद्यार्थी मायक्रोस्कोपचा फोकसचा भाग फळीवर आडवा बसवून त्यावर कीटक ठेवला. त्याच्या बारीक चाकाचा एक भाग म्हणजे दोन मायक्रॉन. ४ पट, ०.१० एनए (न्यूमेरिकल ॲपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचे माप) असलेल्या ऑब्जेक्टिव्हला स्पष्ट थर सुमारे ५५ मायक्रॉनचा मिळतो, १० पट, ०.२५ एनएच्या ऑब्जेक्टिव्हला जेमतेम ९ मायक्रॉनचा. पहिल्यासाठी मी तीस-चाळीस मायक्रॉनच्या पावलाने जातो, दुसऱ्यासाठी सहाच्या, त्यामुळे एका मिलिमीटरला १० पट ऑब्जेक्टिव्हने पावणेदोनशेच्या आसपास चित्रे होतात. हे काम संथ आहे आणि ज्यांना संथपणा सोसत नाही त्यांनी याचा आधी विचार करावा.

आमच्या घरामागे दोन घरे सोडून यंत्रमागांचा कारखाना आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना त्याची धडधड सांगायला नको, ती कानांना ऐकू येईनाशी झाली तरी टेबलाला जाणवत राहते. माझ्या कॅमेऱ्यावर १० पट मोठेपणाला सेन्सरचा एक पिक्सेल म्हणजे कीटकावरचे ०.४ मायक्रॉन, तेव्हा एका मायक्रॉनची थरथरसुद्धा चित्रात दिसते. स्टिरिओ मायक्रोस्कोपसोबत मी घेतलेला कॅमेरा फ्लॅशशी जुळत नव्हता. एलईडीच्या उजेडात रेंगाळत्या एक्स्पोजरने चित्रे घ्यावी लागत आणि कारखान्याच्या सुटीची वाट पाहावी लागे. आता नेहमीचाच कॅमेरा असल्याने फ्लॅश वापरता येतो. त्याची ताकद १/३२ वर ठेवली की झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि माग चालू असतानाही चित्र धारदार येते. पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या मिशांवर मात्र फ्लॅशचाही इलाज चालत नाही, कारण प्रत्येक चित्रात मिशी वेगळ्या जागी असते. चाळिशीपार गेलेल्या एप्रिल-मेच्या दुपारी पंखा बंद करून बसणे कठीण असल्यामुळे त्या दिवसांत मी पहाटे पाच ते सात एवढेच काम करतो.

या पद्धतीतले त्रासही मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. साध्या १० पट ऑब्जेक्टिव्हखाली कीटकासाठी काही मिलिमीटरच जागा उरते. प्रकाश आत शिरवणे अवघड जाते आणि एकदा माझ्या हातून चतुराचा पंख ऑब्जेक्टिव्हला लागून मोडला. निकॉनच्या १० पट ऑब्जेक्टिव्हमध्ये ही जागा १०.५ मिलिमीटर आहे, मिटुटोयोच्या १० पटमध्ये तब्बल ३३ मिलिमीटरच्या पुढे, पण नंतरच्याची किंमतही त्याच प्रमाणात चढते. ककू वास्पसारख्या गुळगुळीत अंगाच्या कीटकावर फ्लॅशचे पांढरे डाग पडतात, त्यासाठी टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून, मधे भोक पाडून तो कीटकाभोवती धरतो. सोलापूरची धूळ तर विचारूच नये: डोळ्यांना स्वच्छ वाटणारा कीटक ४ पट मोठेपणाला मातीने माखलेला निघतो आणि दोनशे चित्रांची मेहनत वाया जाते. कोरड्या हवेत मेलेला कीटक काही तासांत ताठ होतो, म्हणून त्याला ओलसर टिश्यूच्या बंद डबीत रात्रभर ठेवून मग पाय-मिशा हळूच सरळ कराव्या लागतात. हे सारे सफाईचे आणि मांडणीचे काम मी आजही स्टिरिओ मायक्रोस्कोपखालीच करतो, आणि एवढ्या एका कारणासाठी तो विकण्याचा विचार माझ्या मनात येत नाही. मी कीटक मारत नाही, दिव्याखाली किंवा खिडकीत मेलेलेच उचलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत काही फुलपाखरेही आहेत, हे नव्याने संग्रह करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

खर्चाच्या बाजूने मला दोन्ही वाटा जवळपास सारख्याच पडल्या, अर्थात कॅमेरा आधीपासून घरात होता हे धरून. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांचा हिशेब वेगळा येईल. ज्यांच्याकडे तो आहे आणि ज्यांचे लक्ष अखेरच्या चित्रावर आहे, त्यांना मी ४ पट, ०.१० एनएचे एकच ऑब्जेक्टिव्ह घेऊन सुरुवात करायला सुचवेन. स्टॅकिंग करायचे असल्यामुळे ते प्लॅन (कडांपर्यंत सपाट, स्पष्ट प्रतिमा देणारे) नसले तरी फारसे बिघडत नाही, आणि १० पटकडे वळण्याआधी हात बसायला त्यावर वर्षभराचे काम मिळते. त्याच ककू वास्पची मी पुढच्या हिवाळ्यात या मांडणीवर नव्वद चित्रे घेतली. जुळवणी झाल्यावर चेहऱ्यावरचा प्रत्येक केस एकेरी होता आणि मला एकही हाताने दुरुस्त करावा लागला नाही.

तरीही स्टिरिओ मायक्रोस्कोपकडेच मन ओढत असेल, तर पैसे देण्याआधी दुकानात एक गोष्ट करून पाहावी. थर्माकोलच्या तुकड्यात एक टाचणी अगदी सरळ उभी खोचावी, तिचे डोके चौकटीच्या मधोमध आणावे आणि नेत्रभिंगातून न पाहता कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत फोकसचे चाक डोक्यापासून बुंध्यापर्यंत हळूहळू फिरवावे. टाचणीची दांडी डोक्याआड झाकलेली राहिली तर कॅमेरा सरळ पाहतो आहे. दांडी एका बाजूला बाहेर येऊन लांब होत गेली, तर जितकी ती लांब दिसेल तितके काम पुढे प्रत्येक चित्रात वाढणार आहे.