स्टोरीटेलवरची मराठी पुस्तकं, मराठवाड्याच्या कानांनी

छत्रपती संभाजीनगरहून लातूरला एसटीनं निघालं की सहा-सात तास मोडतात. बारा तासांची कादंबरी एका जाण्या-येण्यात संपते. आपल्याकडं ऑडिओबुकला, म्हणजे आवाजात वाचून ठेवलेल्या पुस्तकाला, गिऱ्हाईक मिळालं ते असं प्रवासात. आता ती शिलाई मशीनपाशी चालतात, दुकानात गल्ल्यावर चालतात, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करून बांधावर बसणाऱ्याच्या खिशातही चालतात. स्टोरीटेल ही मूळची स्वीडनची कंपनी. ती नोव्हेंबर 2017 मध्ये भारतात आली आणि मराठी ऐकणाऱ्यांची गाठ ऑडिओबुकशी बऱ्याच अंशी तिच्यामुळं पडली. म्हणून हे परीक्षण तिच्या मराठी कप्प्याचं. वाचनाबद्दल जे पुढं लिहिलंय ते मात्र कुठल्याही ॲपला लागू आहे.

ॲपची बाजू लवकर उरकतो. पुस्तक उतरवून ऑफलाइन ऐकायची सोय आहे, ती वापराच. नुसत्या बोलण्याची फाइल 64 केबीपीएसची धरली तर तासाला साधारण 29 एमबी लागतात, दहा तासांच्या पुस्तकाला 300 एमबीच्या आत. घरच्या वायफायवर उतरवलं की बालाघाटाच्या डोंगरात रेंज गेली तरी गोष्ट तुटत नाही. पण उतरवलेली फाइल ॲपच्या आतच राहते. ती पेन ड्राइव्हवर घालून ट्रॅक्टरच्या टेपला लावता येत नाही, बटणाच्या मोबाइलवरही टाकता येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घेत असाल तर स्मार्टफोन आणि ब्लूटूथचा छोटा स्पीकर हा खर्च आधीच धरा. झोपताना स्लीप टायमर पंधरा मिनिटांचाच लावा. तासाभराचा लावला तर दुसऱ्या दिवशी डोळा कुठं लागला हे हुडकण्यातच वेळ जातो.

खरा मामला आहे वाचणाऱ्याचा. छापील पुस्तकात कुठं थांबायचं, कुठं पळायचं, कुणाचा आवाज कसा असेल, हे आपणच ठरवतो. ऐकताना हे सगळं दुसऱ्याच्या तोंडी जातं. त्यामुळं लेखक कितीही मोठा असला तरी वाचणारा जमला नाही तर तिसऱ्या प्रकरणाला ऐकणारा उठून जातो. स्टोरीटेलवर पुस्तकाच्या पानावर वाचणाऱ्याचं नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की त्याच आवाजातली बाकीची पुस्तकं समोर येतात. या ॲपमधली सगळ्यात कामाची सोय हीच, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही. ऑडिबल या दुसऱ्या ऑडिओबुक ॲपवर आणखी एक चांगली रीत आहे: एकूण पुस्तकाला, सादरीकरणाला आणि कथेला वेगवेगळे तारे देता येतात. नाहीतर ‘बोअर झालं’ म्हणून दिलेले दोन तारे लेखकाला की वाचणाऱ्याला, हे पुढच्याला कळायचं कसं?

सुरुवातीच्या पाच मिनिटांवरून निवाडा करू नका. आरंभी बहुतेक वर्णन असतं आणि वर्णन कुणीही बरं वाचतो. सरळ पुस्तकाच्या मध्यात जा आणि संवाद शोधा, शक्यतो दोन बायकांचा किंवा पोर आणि म्हाताऱ्याचा. ‘येतो म्हणला होता.’ ‘मग आला का?’ ‘कुठला येतोय.’ कागदावर नवी ओळ आणि अवतरणचिन्ह सांगतं की बोलणारा बदलला. कानाला सांगायला फक्त अर्ध्या सेकंदाचा थांबा आणि पट्टीतला किंचित चढ-उतार असतो. जाणता वाचक, म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारा, दुसऱ्या माणसाचा वेग बदलतो, श्वास बदलतो. एक बाई घाईत बोलते, दुसरी शब्द मोजून. कच्चा वाचक गळा बदलतो. बाई आली की नाकातला बारीक आवाज, म्हातारा आला की थरथर. पहिल्यांदा हसू येतं, दहा तास कान सहन करत नाही.

एकाच माणसानं अनेकांचा आवाज होणं मराठवाड्याला नवीन नाही. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे 52 पात्रं उभी करायचे. पण तिथं चेहरा होता, चाल होती, समोर हजार माणसांचा हशा होता. माइक तोंडापासून वीतभर असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात इअरफोन. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज इथं ओरडणं वाटतो. नाटकातून आलेले काही वाचक हा फरक पहिल्या तासात ओळखतात, काही पूर्ण पुस्तकभर ओळखत नाहीत.

आता आपलं दुखणं. पुस्तकात खेडं आलं की बऱ्याच वाचकांकडं एकच ठरलेली गावरान बोली असते, थोडी कोल्हापूरची, थोडी सिनेमाची. तीच बीडच्या शेतकऱ्याला, तीच नांदेडच्या हमालाला. मराठवाड्याची बोली तशी एक नाहीच. परभणी-हिंगोलीकडं ‘कामून’ (का म्हणून) आणि वऱ्हाडीचा वारा, निलंगा-उदगीरकडं कानडीचा हेल, देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचा. ‘ती भाकरी करायली’ हे वाक्य आपल्या कानाला सरळ आहे, ती भाकरी करत आहे, एवढंच. पुणेरी वळणाचा वाचक ‘करायला’ या शब्दाच्या सवयीनं तिथं अडखळतो, छपाईची चूक समजून क्षणभर थांबतो, आणि तो थांबा रेकॉर्डिंगमध्ये तसाच राहतो. ‘काय करायलास?’ यात जोर ‘काय’वर हवा, तो ‘लास’वर दिला की साधी विचारपूस दमदाटी होते. बोली जमत नसेल तर वाचकानं ती सौम्य ठेवून सरळ वाचावी. नकली हेलापेक्षा ते कितीतरी बरं लागतं.

निजामकाळावरची पुस्तकं ऐकताना आणखी एक परीक्षा असते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथलं दफ्तर, कचेरी, महसूल उर्दूतून चालायचं, त्यामुळं अशा लेखनात उर्दू आणि दखनी, म्हणजे दख्खनची बोलीतली उर्दू, दोन्ही येतात. मराठी छपाईत नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, बहुधा देत नाहीत. ‘खबर’, ‘गरीब’, ‘जमीन’ यांचा मूळ उच्चार कागद सांगत नाही, वाचणाऱ्यालाच माहीत असावा लागतो. कचेरीतला मुन्शी नेमकी उर्दू बोलेल, बाजारातला तांगेवाला दखनी: ‘हौ’, ‘नक्को’, आणि ‘क़’च्या जागी ‘ख़’. दोघांना मुंबईच्या सिनेमाची हिंदी दिली की पात्रांमधला दर्जाचा फरक पुसला जातो.

शुद्ध मराठीतही ठेच लागतेच. ‘जरा थांब’मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधला ज वेगळा, ‘चाक’ आणि ‘चार’ यांचे च वेगळे, ‘सिंह’चा उच्चार ‘सिंव्ह’, ‘संवाद’मध्ये अनुस्वारानंतर ‘व’चा ओठ जाणवायला हवा. संगणकानं तयार केलेले आवाज इथंच पकडले जातात, आणि सालांमध्ये. ‘एकोणीसशे अठ्ठेचाळीस’ म्हणायच्या ठिकाणी ‘एक हजार नऊशे अठ्ठेचाळीस’ आलं की वाचणारा माणूस आहे का, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

रेकॉर्डिंगमधले दोष ओळखायला स्टुडिओतलं ज्ञान लागत नाही. प, फ, भ वर ‘भप्प’ असा हवेचा धक्का बसला तर तोंड माइकच्या अगदी समोर होतं. स आणि श शिट्टीसारखे टोचत असतील तर वरच्या पट्ट्या जास्त चढल्यात. मधलंच एखादं वाक्य अचानक उजळ किंवा पोकळ वाटतं, ते नंतर दुसऱ्या दिवशी म्हणून जोडलेलं असतं. माइकपासूनचं अंतर चार बोटं बदललं तरी कानाला कळतं. ऑडिओबुक बनवणाऱ्यांसाठीच्या ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाची अट अशी (शून्य म्हणजे फाइलला झेपणारा कमाल आवाज, बाकी सगळं त्याच्या खाली): सरासरी आवाज उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या दरम्यान, कमाल उणे 3, आणि शांततेतला खोलीचा आवाज उणे 60 च्या खाली. ही शिस्त पाळली की कुजबुज आणि ओरडा यांतलं अंतर आवाक्यात राहतं. नाही पाळली तर बसमध्ये एक हात सारखा आवाजाच्या बटणावर.

बसवरून आठवलं, खर्जातला भारदस्त आवाज घरी रात्री झकास वाटतो, एसटीत मात्र इंजिनाच्या घरघरीत बुडतो, कारण दोन्ही खालच्याच पट्टीत. आवाज वाढवून उपयोग नसतो, कान तेवढे दुखतात. रबरी टोकाचे इअरफोन नीट बसवा, आणि प्रवासाला मधल्या पट्टीतला, व्यंजनं स्वच्छ टाकणारा वाचक निवडा. एकट्याचं वाचन बहुधा मोनो असतं, एका कानात इअरफोन घातला तरी काही सुटत नाही. पात्रं डाव्या-उजव्या बाजूला वाटलेली नाट्यरूपं असतील तर निम्मा खेळ जातो. संवादाखाली सतत पार्श्वसंगीत असलेली पुस्तकं स्वस्त स्पीकरवर ऐकूच नका. संगीत आणि व्यंजनं एकमेकांवर चढतात.

वेगाचा काटा सांभाळून फिरवा. ॲप आवाजाची पट्टी तशीच ठेवून स्वर आणि थांबे आखडतं. माहितीपर पुस्तक 1.25 वर, सवय झाली की 1.5 वरही चालतं. विनोदी लेखन 1.5 वर मरतं, कारण विनोद त्या आखडलेल्या थांब्यातच होता. वाचक नुसताच संथ असेल तर 1.1 पुरे. ओवीला हात लावू नका. एकनाथांच्या पैठणचे आपण. साडेतीन चरणांची ओवी वाचणारा चरणावर थांबतो की छापील ओळीच्या शेवटावर, एवढं ऐकलं तरी त्याला पोथीची सवय आहे की नाही हे उमगतं.

वर्गणी भरण्याआधी साधा हिशोब करा. रोज चाळीस मिनिटं ऐकणं होत असेल तर महिन्याला वीस तास, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन कादंबऱ्या. एवढं होत नसेल तर वर्षाची वर्गणी घेऊ नका. ऊसतोडीचा हंगाम, लग्नसराई, परीक्षा यांचे महिने तसेही कोरडे जातात. महिन्याची घ्या, पहिल्याच दिवशी आवडत्या तीन आवाजांची पुस्तकं यादीत टाका. आणि स्टोरीटेल ओरिजिनल मालिका वगळू नका. त्या मुळात ऐकण्यासाठीच लिहिल्यात, वाक्यं आखूड असतात, ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ कमी असतं. घरात ज्याला ऑडिओबुकची सवय नाही त्याला आधी तेच लावून द्या, सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी नंतर.