इंदुरातल्या राजवाडा भागातलं सतार-दुरुस्तीचं दुकान: जवारीसाठी जरूर जा

जवारीचं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद नीट करण्याचं, काम इथे उत्तम. बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेनं घोडीवर पडलेल्या खाचा आधी कानशीनं, मग बारीक पॉलिशपेपरनं काढतात. दर दोन-चार हातांनंतर तार चढवून प्रत्येक पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) ऐकतात, आणि तेच महत्त्वाचं, कारण घोडीचं जास्त घासलेलं हाड परत येत नाही. खुली (झणझणीत नादाची) जवारी हवी की बंद (कमी झणझणाटाची), हे आधीच सांगा. बाजाला ०.३० मिमी पोलादी तार मागा. जाड तारेला त्याच सुरासाठी ताण जास्त लागतो, मींड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) जड जाते. पडद्यांच्या गाठी पक्क्या. रुद्रवीणेचे मेणावर बसवलेले पडदे मात्र यांना जमत नाहीत. बीनकार (रुद्रवीणावादक) बंदे अली खाँ होळकर दरबारी होते, त्या इंदुरात ही उणीव फार बोचते.